दहावीनंतर भरती, अकॅडमी की एनडीए? बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईला उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा मराठी माध्यमातून 68 टक्क्यांनी एसएसएलसी (दहावी) पास झालाय, येत्या ऑगस्टमध्ये सोळा पूर्ण होतील, उंची 164 सेंटिमीटर. वडील गोव्याला कामाला. मुलगा म्हणतोय, 'पीयूसी (अकरावी-बारावी) नको, मला अकॅडमीत घाला, भरती होऊन दाखवतो.' भरतीची तयारी करून घेणारे अकॅडमीवाले दोन वर्षांचे मिळून सव्वा लाख मागतात. धाकटी मुलगी यंदा पाचवीत गेली, तिलाही भावासारखंच वेड आहे. तुम्ही विचारलंत : याला अकॅडमीत घालू की कॉलेजात? आणि एनडीए (सैन्यातले अधिकारी घडवणारी संरक्षण प्रबोधिनी) म्हणतात ते आपल्यासारख्यांच्या पोरांना जमतं का?

कॉलेजात घाला. जमलं तर सायन्सला घाला. आणि सव्वा लाख घरात ठेवा.

मी 26 वर्षं पलटणीत काढली, त्यातली शेवटची काही बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये रंगरूट घडवण्यात गेली. निवृत्तीनंतर रोज सकाळी ग्राउंडवर पोरं पळवतो. त्यामुळं भरतीचं वेड मी समजू शकतो. आपल्या भागात ते रक्तातच आहे. कॅम्पातून जाताना सेंटरचं गेट दिसलं की म्हातारी माणसंसुद्धा बसमध्ये सरळ बसतात. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत हिशेब अगदी साधा आहे. अग्निवीर व्हायला वय किमान साडेसतरा लागतं. ऑगस्टमध्ये सोळा होणारा मुलगा साडेसतराचा होईल तो फेब्रुवारीत, म्हणजे नेमका पीयूसी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर. त्याआधी कितीही पळाला, कितीही बीम (पुल-अप) काढले, तरी त्याला फॉर्मच भरता येणार नाही. म्हणजे अकॅडमी जी दोन वर्षं विकतेय, ती तुमच्या मुलाकडं तशीही रिकामीच आहेत. त्या दोन वर्षांत बारावी झाली तर काहीच बुडत नाही. नाही झाली, तर मात्र सात-आठ दारं कायमची बंद होतात.

आधी मुलाला हवं असलेलं दार बघू. अग्निवीर योजना 2022 च्या जूनमध्ये आली. सेवा चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना 30,000, मग 33,000, 36,500 आणि चौथ्या वर्षी 40,000. यातले 30 टक्के सेवा निधीत कापून जातात, तेवढेच सरकार घालतं. त्यामुळं पहिल्या वर्षी हातात येतात 21,000. चार वर्षांनी व्याजासकट सुमारे 11.71 लाख मिळतात, त्यावर कर नाही. विमा 48 लाखांचा, त्याचा हप्ता आपल्याला नाही. पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. आणि कायम होतात ते एका तुकडीतले जास्तीत जास्त 25 टक्के. चारात एक. बाकीचे तिघं एकवीस-बावीसाव्या वर्षी गावात परत येतात. गावातल्या सुभेदार आजोबांची पेन्शन बघून तुम्ही मुलाला पाठवत असाल, तर ती भरती आता राहिलेली नाही, हे मुलासमोर बसून बोला.

याचा अर्थ अग्निवीर वाईट असा नाही. मी पोरांना आजही पाठवतो आणि ट्रेनिंग संपल्यावरच्या कसम परेडला (शपथेच्या संचलनाला) जातो तेव्हा माझे डोळे भरून येतात. पण परत आलेल्या तिघांपैकी ज्याच्या हातात बारावी आहे, त्याला पोलीस भरती, केंद्रीय दलांतल्या राखीव जागा, पदवी हे सगळं उघडं असतं. नुसत्या दहावीवर गेलेल्याला तिथून पुन्हा सुरुवात करावी लागते. दहावीवर गेलेल्यांना सेवेच्या काळात बारावीचं प्रमाणपत्र मिळण्याची सोय केलीय, ती चांगलीच आहे. पण त्यावर भरवसा ठेवून आज कॉलेज सोडू नका.

आणि अग्निवीरमध्येसुद्धा बारावीनं पर्याय वाढतात. जनरल ड्यूटीला दहावीत एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33 पुरतात. मार्कांच्या बाबतीत तुमचा मुलगा यात आजच बसतो. टेक्निकलला बारावी सायन्स, नाहीतर दहावीनंतर आयटीआय-डिप्लोमा लागतो. क्लार्क आणि स्टोअरकीपरला बारावीत एकूण 60 टक्के, प्रत्येक विषयात 50, शिवाय टायपिंग. हवाई दलाच्या अग्निवीरवायूला बारावीत एकूण 50 आणि इंग्रजीत 50 टक्के लागतात. त्या मुलांचं ट्रेनिंग तर आपल्या सांबऱ्याला होतं, तुमच्या घरापासून बसच्या अंतरावर! नौदलात एसएसआर या खलाशाच्या पदाला बारावीचं गणित-फिजिक्स लागतं. हे सगळं दोन वर्षांच्या पीयूसीवर उभं आहे.

आता एनडीए. तुम्ही दबकत विचारलंत, पण पत्रातला खरा प्रश्न हाच आहे.

खडकवासल्याची एनडीए आपल्यापासून लांब नाही, सिंहगडाच्या पायथ्याशी. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. बारावीला बसलेला मुलगा फॉर्म भरू शकतो. कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या मध्ये असावं लागतं. तुमच्या मुलाच्या जन्मतारखेनं मी मोजलं : पीयूसी दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरपासून धरलं तर त्याला चार परीक्षा मिळतात. गणिताचा पेपर 300 मार्कांचा, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी मिळून 600 चा. त्यातून निवडलेल्यांची पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे मुलाखत आणि चाचण्या, तिला 900 मार्क. आत गेल्यावर तीन वर्षं शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश सगळा खर्च सरकारचा, वर पदवी. त्यानंतर सुमारे एक वर्ष डेहराडून, डुंडीगल किंवा एळिमलाच्या अकॅडमीत, आणि मग लेफ्टनंट किंवा हवाई दल-नौदलातला त्याच्या बरोबरीचा हुद्दा. मूळ पगार 56,100 पासून सुरू होतो. भूदलाच्या वाटेनं जायचं असेल तर आर्ट्स-कॉमर्सचा मुलगाही चालतो, पण गणिताचा पेपर सगळ्यांना तोच. हवाई दल आणि नौदलाला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवंच. म्हणून मी सायन्स म्हटलं. फिजिक्स, केमिस्ट्री, गणिताबरोबर कॉम्प्युटर (पीसीएमसी) घ्या नाहीतर बायोलॉजी (पीसीएमबी), दोन्ही चालतं. बारावीला पीसीएममध्ये 60 टक्के आणि जेईई मेन दिलेली असेल, तर टेक्निकल एंट्रीनं थेट एसएसबीला बोलावणं येऊ शकतं, तिथं यूपीएससीची लेखीसुद्धा नाही. पीसीएमबीवाल्याला नीट देऊन पुण्याचं एएफएमसी, म्हणजे लष्कराचं मेडिकल कॉलेज, हे आणखी एक दार.

उंचीची गोष्ट ऐका. जनरल ड्यूटीच्या जवानाला कर्नाटकात 166 सेंटिमीटर लागते. तुमचा मुलगा आज 164. अजून वाढेल, सोळा म्हणजे काहीच नाही. पण एनडीएला किती लागते ठाऊक आहे? 157. वैमानिक व्हायचं असेल तर 162.5. जवान म्हणून आज जो उंचीत बसत नाही, तो अधिकारी म्हणून बसतो. हे मी ग्राउंडवर सांगतो तेव्हा पोरं एकमेकांकडं बघतात. त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नसतं. आपल्याकडं अधिकारी म्हणजे मोठ्या घरची, इंग्रजी शाळेतली पोरं, असं डोक्यात पक्कं बसलंय. एवढ्या जुन्या पलटणीचं सेंटर दाराशी असून आपल्या तालुक्यातून जवान शेकड्यांनी गेले आणि अधिकारी बोटांवर मोजण्याइतके, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अडचण इंग्रजीची आहे, ती लपवणार नाही. एनडीएचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठी-कन्नडमध्ये नाही. शिवाय पीयूसी सायन्स इंग्रजीतच. मराठी शाळेतून गेलेलं पोर पहिले चार महिने वर्गात गप्प बसतं. गणित येत असतं, पण प्रश्नात काय विचारलंय ते उमगत नाही. जांबोटीकडचा एक मुलगा माझ्याकडं पळायला यायचा. पीयूसीच्या पहिल्या युनिट टेस्टमध्ये फिजिक्समध्ये 35 पैकी 6. घरचे म्हणाले, काढून आर्ट्सला घालू. मी त्याच्या मराठी शाळेतल्या गुरुजींना गाठलं. त्यांनी त्याला एक वही केली : डाव्या बाजूला दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द, उजव्या बाजूला पीयूसीच्या पुस्तकातला. संवेग म्हणजे मोमेंटम, त्वरण म्हणजे अ‍ॅक्सलरेशन, घर्षण म्हणजे फ्रिक्शन. रोज दहा शब्द. दिवाळीपर्यंत वही भरली आणि पोरगं बोलायला लागलं. ते एनडीएत गेलं नाही, दोनदा एसएसबीवरून परत आलं. पण टेक्निकल अग्निवीरची लेखी त्यानं पहिल्या फटक्यात काढली. तुमच्या मुलाची तशी वही आजच सुरू करा.

एसएसबीला मी स्वतः कधी बसलो नाही, पण पाठवलेली पोरं परत आली की त्यांना तासभर बसवून ऐकतो. पडद्यावर एक शब्द येतो, पंधरा सेकंदांत त्यावर वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. चित्र दाखवतात, गोष्ट लिहायला सांगतात. फळ्या-दोर देऊन गटाला अडथळा पार करायला लावतात. इथं पाठ केलेलं टिकत नाही. आपली पोरं इंग्रजीपेक्षा जास्त एका वेगळ्याच गोष्टीनं अडतात : मोठ्यांसमोर बोलायची सवय नसते. आमच्या घरात वडील आले की पोरगं मागच्या दारानं पसार. ती सवय घरातूनच लावायला लागते. रेशनच्या दुकानात, बँकेत, नाडकचेरीत (महसूल कार्यालयात) मुलाला पुढं करा, तुम्ही मागं उभ्या राहा.

गणितात दहावीला मार्क अगदीच कमी असतील तर सायन्सचा हट्ट धरू नका. कॉमर्स घ्या, अकाउंट्स घ्या, क्लार्कची तयारी करा. नापास सायन्सपेक्षा 65 टक्क्यांचं कॉमर्स पुष्कळ बरं.

आता ज्या एका कामासाठी थांबायचं नाही ते सांगतो : कागद. तुम्ही लिहिलंत, मुलाचं नाव ज्ञानेश्वर. ताई, आपल्या सीमाभागात या एका नावानं किती पोरं परत पाठवलीत, सांगू? शाळेच्या दाखल्यावर मराठीत ज्ञानेश्वर. आधार काढताना मराठी सवयीनं इंग्रजीत डी-एन-वाय. एसएसएलसीचं मार्क्स कार्ड कन्नड वळणानं, म्हणून तिथं जे-एन. आणि जन्माचा दाखला पंचायतीत ज्यानं लिहिला त्यानं जी-एन. घरात सगळे माऊलीच म्हणतात, त्यामुळं कुणाच्या लक्षातच येत नाही. पडताळणीच्या टेबलावर तिन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले की तीन वेगळी पोरं दिसतात. तिथं बसलेल्या हवालदाराचा यात दोष नसतो.

धरायचं ते एसएसएलसीचं मार्क्स कार्ड. भरतीत नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख त्यावरूनच बघतात. मार्क्स कार्डावर खरोखर चूक असेल तर ती आत्ताच हेडमास्तरांमार्फत बेंगळूरला पाठवा, त्याला महिने लागतात. नुसता स्पेलिंगचा फरक असेल तर मार्क्स कार्डाला हात लावू नका. आधार त्याच्याशी जुळवून घ्या. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून सेंटरवर मशीनसमोर अक्षर न् अक्षर वाचूनच होय म्हणा. त्यानंतर रहिवासी दाखला, जातीचा दाखला, पंचायत अध्यक्षांचा चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला. हे भरतीच्या वेळी ताजे लागतात, त्यामुळं आज काढून ठेवायचे नाहीत, फक्त कुठून मिळतात ते माहीत करून घ्यायचं.

याला जोडूनच : चंदगडचा मामा म्हणेल, माझ्या पत्त्यावर कोल्हापूरच्या भरतीला उतरव, तिकडं आपली माणसं आहेत. ऐकू नका. बेळगाव जिल्ह्यातला मुलगा बेळगावच्या भरती कार्यालयाकडं येतो. त्याच कार्यालयाकडं बिदर, कलबुर्गी, रायचूर, यादगीर, कोप्पळ. हल्याळ-जोयडा-कारवारकडची पोरं मंगळूरला. चंदगड, गडहिंग्लज कोल्हापूरला. खोटा रहिवास पडताळणीत उघडा पडतो आणि पोराच्या नावावर कायमचा डाग लागतो. वर महाराष्ट्रात जनरल ड्यूटीला उंची 168 लागते, म्हणजे आपलीच दोन सेंटिमीटर घालवायची. मराठी बोलणं आपलं आहेच, कागद कर्नाटकाचे आहेत. ते जसे आहेत तसेच घेऊन जायचं.

गोंदण. हे मुलाला आज रात्रीच सांगा. शिवजयंतीला, नाहीतर गोव्याला गेलं की पोरं दंडावर किंवा छातीवर महाराजांची मुद्रा गोंदवून घेतात. भक्ती खरी असते, मी नाव ठेवणार नाही. पण कायमचं गोंदण फक्त कोपराच्या आतून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला चालतं. दंडावर असलं की मेडिकलमध्ये बाद. 1.6 किलोमीटर सव्वापाच मिनिटांत पळणारं एक पोरगं मी असं बाद झालेलं पाहिलंय. त्याला घरी सोडायला मी गेलो होतो. बसमध्ये ते सगळी वाट त्या दंडावर हात ठेवून बसलं होतं.

पळण्यासाठी अकॅडमी लागत नाही. 1.6 किलोमीटर म्हणजे चारशे मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या. साडेपाच मिनिटांच्या आत आलं की पूर्ण 60 मार्क, मग वेळ वाढेल तसे घटत जातात. बीमला दहा काढले की 40. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स फक्त पास व्हायचं. पण हे सगळं आता दुसऱ्या पायरीवर आहे. 2023 पासून आधी कॉम्प्युटरवर लेखी परीक्षा होते, त्यात पास झालेल्यांनाच मैदानावर बोलावतात. जनरल ड्यूटीला एका तासात 50 प्रश्न, उत्तर चुकलं की मार्क कापतात. 2025 पासून ही परीक्षा मराठीत आणि कन्नडमध्येही देता येते. आपल्या पोरांसाठी हा फार मोठा बदल आहे. तरीही गावोगावचे बाप अजून म्हणतात, 'आधी पळव त्याला, अभ्यासाचं नंतर बघू.' तो क्रम उलटा झालाय.

मुलाला आठवड्यातून चार दिवस पळवा, रोज नको. सोळाव्या वर्षी रोज डांबरी रस्त्यावर पातळ तळाच्या बुटांनी पळून नळीचं हाड दुखावतं, आणि मग दोन-तीन महिने घरी बसावं लागतं. आपल्याकडं पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, म्हणून पोरं रस्त्यावर येतात. त्यापेक्षा पावसात घरात बैठका, जोर आणि आंब्याच्या फांदीला लोंबकळणं पुरे. फेऱ्या मोजायला शिकवा : चार फेऱ्या प्रत्येकी ऐंशी सेकंदांत आल्या की पाच मिनिटं वीस सेकंद होतात. बहुतेक पोरं पहिली फेरी पासष्टमध्ये मारतात, लोक टाळ्या वाजवतात, आणि तिसऱ्या फेरीला त्यांचे खांदे कानापर्यंत चढतात. तिसरी फेरी जो ऐंशीत ठेवतो, तो भरती होतो. खाण्याला डबे-पावडरी नकोत. नाचणी, शेंगदाणे, अंडी, दूध एवढं नियमानं मिळालं तरी भागतं.

पैशाचं एकच सांगतो. माझ्या ओळखीतल्या एका बापानं दोन म्हशी विकून एका एजंटाला पैसे दिले. महिन्याभरानं शिक्का मारलेलं पत्र आलं. बाप-लेक ते घेऊन सेंटरच्या गेटवर गेले. शिक्का खोटा होता. दुसऱ्या एका पोराचं मूळ मार्क्स कार्ड त्याच्या अकॅडमीनं फी राहिली म्हणून अडकवून ठेवलं आणि पडताळणीचा दिवस निघून गेला. अर्ज सेनेच्या वेबसाइटवर होतो, फी 250 रुपये. यापलीकडं कुणीही एक रुपया मागितला तर तो माणूस चोर समजा. मूळ कागद घराबाहेर कुणाच्याही हातात द्यायचा नाही.

आता धाकटी. ताई, तुमच्या घरात आज सगळ्यात मोठी संधी तिची आहे, कारण तिची वेळ अजून गेलेली नाही. सैनिक स्कूलची सहावीची प्रवेश परीक्षा पाचवीत असताना देतात, वय 10 ते 12. तो पेपर मराठीत देता येतो. 300 मार्कांपैकी 150 एकट्या गणिताचे. मुलींना या शाळांत 2021 पासून घेतात. आपल्याला जवळची विजापूरची, ती 1963 ची शाळा. तिथं 67 टक्के जागा कर्नाटकच्या मुलांसाठी असतात, म्हणून साताऱ्यापेक्षा विजापूर आपल्याला सोपं. बेळगावातच राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे, त्याची परीक्षा वेगळी. आणि फक्त मुलींचं कित्तूरचं राणी चन्नम्मा सैनिक स्कूल आपल्याच जिल्ह्यात. नववीलाही सैनिक स्कूलमध्ये प्रवेश असतो, पण तो पेपर फक्त इंग्रजीत. म्हणून मराठी शाळेतल्या मुलीसाठी सहावीच खरी.

एनडीएत मुली 2022 पासून जातात, पहिल्या 17 जणी 2025 च्या मे महिन्यात पास होऊन बाहेर पडल्या. मिलिटरी पोलिसात जवान म्हणून मुलींची भरती सुरू झाली तेव्हा 2019 मध्ये एक रॅली आपल्या बेळगावलाच झाली. मी त्या दिवशी मैदानाच्या कडेला उभा होतो. घोळक्यानं आलेल्या पोरींबरोबर आयासुद्धा होत्या, पदर खोचून, हातात चपला घेऊन मुलीबरोबर आत जायला निघालेल्या.

सैनिक स्कूलला फी आहे, पण उत्पन्न कमी असलेल्यांना शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. फॉर्म दसरा-दिवाळीपासून कधीही निघतो आणि मुदत थोडी असते, म्हणून तिचा जन्मदाखला आणि आधार याच आठवड्यात शेजारी-शेजारी ठेवून बघा. तिचंही नाव ज्ञानदा आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. म्हणजे आधार सेंटरवर भावाबरोबर तिलाही न्यावं लागणार.